हाकेला धनी हवा

कुंडलिकेच्या काठी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या जालन्याच्या वाचकाने मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राचा परिचय का करून घ्यावा, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या अर्थव्यवहारातच आहे. येथील पोलादाच्या भट्ट्या परप्रांतीय मजुरांच्या बळावर पेटतात, आणि मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी स्वतः परमुलखात जातात. पोटासाठी मुलूख सोडलेल्या माणसावर संकट आले असता त्याची हाक कोणी ऐकावी, या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर दर्यावरच्या कायद्याने दिलेले आहे.

१९७७ साली उभ्या राहिलेल्या भारतीय तटरक्षक दलाकडे सागरी शोध व बचावाचे समन्वयन सोपवलेले असून मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील तीन केंद्रे मिळून सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्राची राखण करतात. यामागे १९७९चा हॅम्बर्ग येथील आंतरराष्ट्रीय करार आहे. समुद्राचे क्षेत्र राष्ट्रांना नेमून द्यावे, आणि संकटग्रस्ताचे राष्ट्रीयत्व, त्याचा दर्जा वा तो ज्या परिस्थितीत सापडला ती परिस्थिती न पाहता त्याला साहाय्य द्यावे, ही त्या कराराची दोन मूलतत्त्वे होत.

केंद्राचे काम नौका धाडण्याचे जितके, त्याहून अधिक माहिती जुळवण्याचे आहे. बुडत्या जहाजावरील संकटसूचक यंत्राचा संदेश उपग्रहामार्फत बंगळूरच्या इस्रो केंद्रात उतरतो आणि तेथून मुंबईस पोहोचतो; मासेमारी नौकेवरचा तांडेल व्हीएचएफच्या सोळाव्या चॅनेलवर बोलतो; किनाऱ्यावरचा नातलग १५५४ या क्रमांकावर इत्तला देतो. इत्तला येताच पहाऱ्यावरील अधिकारी तिची नोंद करतो आणि प्रकरण अनिश्चितता, दक्षता व आपत्ती या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे ठरवतो. पाण्यात पडलेला माणूस पडल्या जागी राहत नाही. प्रवाह त्याला ओढतो, वारा लोटतो, आणि म्हणून जितका विलंब होतो तितके शोधाचे क्षेत्र रुंदावत जाते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेची ‘सरात’ प्रणाली त्याच्या वाहत जाण्याचा अंदाज बांधते. मग जवळच्या व्यापारी जहाजाला वाट वाकडी करण्यास सांगणे, विमाने व गस्तनौका तैनात करणे, घटनास्थळाची सूत्रे एका कप्तानाकडे देणे आणि प्रत्येकास शोधाचा टापू आखून देणे, ही सारी तजवीज त्या एका दालनातून होते.

या व्यवस्थेची सत्त्वपरीक्षा १७ मे २०२१ रोजी झाली. तौक्ते चक्रीवादळात हीरा तेलक्षेत्राजवळ नांगर तुटलेला पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह भरकटला आणि त्याच सायंकाळी बुडाला. त्यावर देशाच्या नाना प्रांतांतून रोजगारासाठी आलेले कामगार होते. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आदी युद्धनौकांनी व मदतनौकांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. दुसऱ्या एका तराफ्यावरील १३७ जण सुखरूप परतले. पी-३०५वरील ७५ मात्र वाचले नाहीत. बचावाचे तंत्र कितीही प्रगत झाले, तरी वादळाची सूचना मिळताच माणसांना सुरक्षित जागी हलवण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही, हे त्या मृत्यूंनी दाखवले.

धनी ठरलेला नसला की काय होते, हे ११ ऑक्टोबर २०१३ रोजी भूमध्य समुद्रात दिसले. सीरियातून परागंदा झालेल्यांची नौका रोमला साद घालत होती. रोमने माल्टाकडे बोट दाखवले. हद्दीचा निवाडा होईतो कित्येक तास लोटले, नौका उलटली आणि २६०हून अधिक माणसे बुडाली, त्यांत सुमारे ६० मुले होती. फेब्रुवारी २०२१मध्ये अंदमान समुद्रात भरकटलेल्या रोहिंग्यांच्या नौकेला आपल्या तटरक्षक दलाने गाठले, तेव्हा ८१ जण जिवंत होते. त्यांना अन्न व औषध मिळाले, परंतु उतरवून घेण्यास कोणी राजी होईना. बचाव सुरक्षित भूमीवर पाऊल ठेवल्यावरच पुरा होतो, आणि त्या शेवटच्या पावलाशी राष्ट्रे अडखळतात.

आता आपल्या भूमीकडे वळावे. ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याच्या कारखान्यात राबलेले आणि टाळेबंदीत मध्य प्रदेशातील घराकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली सापडले. मालक, ठेकेदार, दोन राज्ये व रेल्वे असे संबंधित अनेक होते. त्यांच्या हाकेस बांधलेला धनी मात्र एकही नव्हता. हॅम्बर्गचा करार झाला त्याच १९७९ साली आपल्याकडे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला होता. त्याने नोंदणी व प्रवासभत्ता सांगितला, पण संकटात पहारा देणारे दालन निर्माण केले नाही.

जिल्हाधिकारी कचेरीत आपत्ती नियंत्रण कक्ष आहे, १०७७ हा क्रमांकही आहे. त्याच दप्तरात येणाऱ्या मजुराची व जाणाऱ्या ऊसतोडकऱ्याची नोंद व्हावी, परजिल्ह्याशी संपर्क राखणारा एक अधिकारी नेमला जावा, आणि संकटात सापडलेला माणूस सुखरूप पोहोचल्याची खातरजमा होईपर्यंत त्याचे प्रकरण बंद करू नये. अपरिचितासाठी जहाजाची वाट वळवता येते. जिल्ह्याच्या कारभाराचीही वळवता यावी, ही मागणी जालनेकरांनी आता नेटाने लावून धरली पाहिजे.