गॅसचं डिपॉझिट: नफा नव्हे, देणं

अमरावतीची राजापेठ असो की अकोल्याची जठारपेठ, नळाच्या गॅसचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य टाकतंच: "डिपॉझिट म्हंजे कंपनीचा फुकटचा नफा हाय, भाऊ. पाच हजार गुणिले एक लाख घरं, करा हिशोब." गुणाकार बरोबर असतो, ५० कोटीच होतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चूक असतो. तरीही बँकेत उभी हयात घालवलेली माणसंसुद्धा त्यावर मान डोलावतात, याचंच नवल वाटतं.

वऱ्हाडाला हा विषय नवा आहे. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस आहे. तिथल्या घरांना मीटर आणि बिल यांची सवय झाली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा नंबर लागला तो पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या, म्हणजे पीएनजीआरबीच्या, परवानावाटपाच्या अकराव्या फेरीत. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने विदर्भात आली. नवी गोष्ट आली की तिच्याआधी तिच्याबद्दलच्या अफवा पोहोचतात, तसं इथेही झालं.

आधी नोंद कशी होते ते पाहू. ग्राहकाने ५,००० रुपये भरले की कंपनीच्या वहीत दोन ओळी पडतात: बँक खाते नावे ५,०००, ग्राहकांची सुरक्षा ठेव खाते जमा ५,०००. यातलं बँक खातं मालमत्तेच्या बाजूला जातं आणि ठेव खातं देण्यांच्या बाजूला. नफा-तोटा पत्रकाला या व्यवहाराचा स्पर्शही होत नाही. एक लाख घरांचे ५० कोटी आले, तर बँकेत ५० कोटी वाढले आणि त्याच क्षणी ग्राहकांचं देणंही ५० कोटींनी वाढलं. नफा किती? शून्य. हे अकरावीच्या वाणिज्य शाखेत शिकवतात.

ज्यांना शंका असेल त्यांनी कोणत्याही नोंदणीकृत गॅस कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा आणि ताळेबंदात 'अन्य वित्तीय दायित्वे' या शीर्षकाची टीप शोधावी. ग्राहकांच्या ठेवी तिथे दिसतात, आणि बहुतेकदा चालू दायित्वात, म्हणजे वर्षभरात द्याव्या लागू शकतील अशा देण्यांत. ग्राहक प्रत्यक्षात वीस वर्षं गॅस वापरेल, हे कंपनीलाही माहीत असतं. पण तो उद्या जोडणी बंद करून पैसे मागू शकतो आणि कंपनीला ते पुढे ढकलण्याचा हक्क नाही, म्हणून ते देणं चालू. घरगुती जोडणीची ही ठेव परत करण्याची आहे, हे पीएनजीआरबीच्या २००८च्या नियमांतच लिहिलेलं आहे. त्या नियमांत तिची कमाल मर्यादा ५,००० रुपये होती. जोडणी कायमची बंद केली की थकलेलं बिल वजा करून उरलेली रक्कम मिळते. पावती मात्र जपून ठेवायला हवी. सिलिंडरच्या ठेवीची पावती, म्हणजे एसव्ही, हरवून बसलेली घरं वऱ्हाडात थोडी नाहीत.

याच गैरसमजाची थोडी शहाणी आवृत्ती सीएचा अभ्यास करणाऱ्या मुलांकडून ऐकू येते. त्यांचं म्हणणं असं, की इंड एएस या लेखामानकांनुसार बिनव्याजी ठेव आजच्या मूल्याला उतरवून दाखवतात. मग ५,००० ऐवजी समजा २,००० चंच देणं दिसेल आणि मधले ३,००० कंपनीच्या खिशात जातील. हे अर्धसत्य जास्त त्रासदायक आहे, कारण ते पुस्तकातून आलेलं असतं. ठरावीक मुदतीच्या ठेवीला, उदाहरणार्थ पाच वर्षांच्या भाडेकरारावर दिलेल्या डिपॉझिटला, हा नियम लागतो. पण मागताक्षणी परत द्यावी लागणारी ठेव वेगळी. इंड एएस ११३च्या परिच्छेद ४७ मध्ये स्पष्ट आहे: अशा दायित्वाचं मूल्य मागणी होताच द्याव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा कमी दाखवता येत नाही. पाच हजार म्हणजे पाच हजार.

मग कंपनीला या पैशांचा काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही. ते ५० कोटी बँकेत किंवा म्युच्युअल फंडात ठेवले आणि समजा ७ टक्के मिळाले, तर वर्षाचे साडेतीन कोटी होतात. ते 'अन्य उत्पन्न' म्हणून कंपनीच्या नफ्यात जातात. पैसे कर्ज फेडायला किंवा पाइप टाकायला वापरले, तर तेवढं व्याज वाचतं. तक्रार करायचीच असेल तर ती इथे करावी. विजेच्या बाबतीत विद्युत कायदा २००३च्या कलम ४७(४) प्रमाणे सुरक्षा ठेवीवर किमान बँक दराने व्याज द्यावंच लागतं. महावितरणच्या बिलात ते वर्षातून एकदा वजा होऊन येतं. गॅसची ठेव मात्र पीएनजीआरबीच्या नियमांनुसार बिनव्याजी. एकाच घरातल्या दोन मीटरना दोन न्याय का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो नियामक मंडळाला विचारायला हवा. "कंपनीनं डिपॉझिट गिळलं" या ओरड्यात तो हरवून जातो, आणि खरा चिडायचा मुद्दा तसाच राहतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण तेही कानावर पडत असतात.

मीटर आपल्या भिंतीवर आहे म्हणून आपला, असं अनेकांना वाटतं. मीटर आणि तिथपर्यंतचा पाइप कंपनीच्या मालमत्तेत धरलेला असतो आणि त्याचा घसाराही कंपनीच काढते.

"रस्ते खोदून ठेवले, गॅसचा पत्ता नाही, तरी कंपनी तोटा दाखवत नाही, म्हणजे हिशोबात घोळ." घोळ नाही. खोदकाम, पाइप, मजुरी, शिवाय रस्ता पूर्ववत करण्यासाठी महापालिकेला भरलेलं शुल्क, हा सगळा खर्च 'प्रगतीपथावरील भांडवली काम' या खात्यात जमत जातो. त्या जाळ्यातून ग्राहकाला गॅस सुरू झाला की ती रक्कम मालमत्ता होते आणि मग वर्षावर्षाला घसाऱ्याच्या रूपाने खर्ची पडते. तेल-वायूच्या पाइपलाइनचं आयुष्य कंपनी कायदा २०१३च्या दुसऱ्या अनुसूचीत ३० वर्षं धरलेलं आहे. रस्ता महिनोन्‌महिने उखडलेला राहिला तर त्याबद्दल जरूर भांडावं. पण तो प्रश्न पालिकेचा आणि ठेकेदाराचा, ताळेबंदाचा नव्हे.

बिल पाठवण्याआधीच कंपनी महसूल दाखवते, हे खरं आहे आणि बरोबरही आहे. मीटरची नोंद १० मार्चला घेतली, तरी ३१ मार्चपर्यंत चुली पेटलेल्याच असतात. त्या एकवीस दिवसांच्या वापराचा अंदाज त्याच आर्थिक वर्षात धरावा लागतो. तो धरला नाही, तर हिशोब चुकेल.

कंपनीकडे गॅसचा मोठा साठा टाकीत भरून ठेवलेला असतो, हीही एक समजूत. वर्षअखेरीला शिल्लक असतो तो मुख्यतः पाइपांत दाबाखाली उरलेला आणि सीएनजीच्या सिलिंडरांत भरलेला गॅस. त्याची किंमत खरेदीखर्च आणि विक्रीतून मिळू शकेल ती निव्वळ रक्कम, यांतल्या कमी आकड्याने लावतात.

शेवटचा घोळ जीएसटीचा. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत आलेलाच नाही. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन यांच्यासोबत तो बाहेर आहे. महाराष्ट्रात त्यावर व्हॅट लागतो, आणि १ एप्रिल २०२२ पासून तो साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आला. हा व्हॅट कंपनी राज्य सरकारसाठी गोळा करते, म्हणून तो तिच्या महसुलात धरत नाहीत. सीएनजीवरचं १४ टक्के केंद्रीय उत्पादन शुल्क मात्र उत्पादक या नात्याने कंपनीवर असतं, कारण गॅस दाबून सीएनजी करणं हे कायद्याने उत्पादन ठरतं; ते ढोबळ महसुलात दिसतं आणि खाली खर्चातही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या विक्रीची तुलना करताना आकडा उत्पादन शुल्कासह आहे की त्याशिवाय, हे आधी पाहावं लागतं. आणि मीटर, पाइप, ठेकेदाराची कामं यांवर कंपनी जो जीएसटी भरते, तो विकलेल्या गॅसवरच्या व्हॅटमधून वळता करून घेता येत नाही. म्हणून तो त्या मीटरच्या आणि पाइपच्या किमतीतच मिसळतो आणि पुढची कित्येक वर्षं घसाऱ्यातून थोडा थोडा बाहेर पडतो.