खंजिरीचा लोकसंग्रह

लाकडाचे वाटोळे कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले चामडे आणि कडेच्या फटींत किणकिणणाऱ्या धातूच्या चकत्या, एवढाच सरंजाम असलेल्या खंजिरीला हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत फारसा मान नाही. परंतु याच वाद्याच्या बळावर तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडात जो लोकसंग्रह केला, तो भल्याभल्या पुढाऱ्यांना साधला नाही. पावसाळी हवेने चामडे सैल पडून आवाज बसला, की ते शेकोटीशी धरावे, चार थापा मारून पाहावे आणि खणखणीत बोल उमटू लागला की भजनाला बसावे. त्याला ना गवयाचे घराणे लागते, ना वाद्यांचा डामडौल.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिकला ‘तुकड्या’ हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिले. शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही, तरी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पदे रचण्याचा त्यांचा ओघ अखंड होता. ही पदे एकान्तात वाचून त्यांचे मोल ठरविणारे टीकाकार त्यांतील साधेपणाला रुक्षता समजतात, हे मला अन्यायाचे वाटते. कारण एकाने चरण म्हणावा आणि निरक्षर समुदायाने ध्रुवपद तत्क्षणी उचलावे, याच हेतूने ती घडविलेली आहेत.

१९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तेथून गावोगावी पसरलेल्या सामुदायिक प्रार्थनेत जातिभेद विसरून सर्वांनी एकत्र बसावयाचे. आणि त्या काळच्या खेड्यात कोणी कोणाशेजारी बसावयाचे, हाच खरा वादाचा मुद्दा होता. १९४२च्या ऑगस्टात चिमूर-आष्टीचे उठाव झाले, तेव्हा सरकारने महाराजांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. बंदुकीला परवाना लावणाऱ्या अंमलदारांना खंजिरीसाठी तसा कायदा सुचला नव्हता, हे त्यांचे दुर्दैव!

पुढे १९५५ साली ओवीबद्ध ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत ग्रामआरोग्य, महिलोन्नती, गोवंशसुधार असे विषय निःसंकोच येतात; मोक्षाइतकीच गावच्या सफाईची चिंता वाहणारा असा ग्रंथ विरळा. महाराज १९६८ साली निवर्तले. विदर्भात आजही खंजिरी भजनाच्या स्पर्धा भरतात आणि त्यांत महिलांची मंडळे हिरिरीने उतरतात.