समेट : (ख्रिस्ती धर्म)

पापामुळे ईश्वर आणि मानव यांच्यात निर्माण झालेला दुरावा येशू ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान यांनी नाहीसा झाला आणि हे कार्य कोणा एका वंशापुरते नसून सर्व राष्ट्रांसाठी आहे, अशी ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा. मराठी बायबलमधील ‘समेट’ हा शब्द सेंट पॉलच्या पत्रांतील ‘काताल्लागी’ या ग्रीक शब्दासाठी योजलेला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अदलाबदल असा असून तो नाण्यांच्या मोडीसंबंधीही वापरीत. वैराच्या जागी मैत्री येणे, हा अर्थ त्यावरून आला. लोकव्यवहारात समेट म्हणजे दोन्ही पक्षांनी थोडेथोडे मागे सरून तंटा मिटविणे. पॉलच्या विचारात मात्र ज्याच्याविरुद्ध अपराध घडला, तो ईश्वरच पुढाकार घेतो. अपराधी मानवाजवळ देऊ करण्यासारखे काहीच नसते. पॉल ईश्वराचे मन वळविल्याचे कोठेही सांगत नाही; ईश्वराने मानवाला आपल्याकडे वळवून घेतले, असे तो सांगतो. समेट कोणीच स्वकष्टाने मिळविलेला नसल्यामुळे कोणत्याही राष्ट्राला वा जातीला त्यावर मालकी सांगता येत नाही. या श्रद्धेची सार्वत्रिकता येथूनच उगम पावते आणि तिची कसोटीही येथेच लागते.

बायबलमधील आधार : जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या ग्रंथात अब्राहामाच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल, असे वचन आहे. ‘यशया’ या ग्रंथात सर्व राष्ट्रे ईश्वराच्या पर्वताकडे लोटतील आणि तरवारींचे फाळ होतील, असे चित्र रंगविले आहे. ‘योना’ या छोट्या ग्रंथात शत्रुराष्ट्राची राजधानी निनवे हिलाही ईश्वर क्षमा करतो व त्यामुळे संदेष्टाच रुष्ट होतो. नव्या करारात, ज्यूंनी परके मानलेल्या शोमरोनी जमातीतील एका स्त्रीशी येशू संवाद करतो आणि खरी उपासना कोणत्याही एका स्थळाला बांधलेली नाही, असे तिला सांगतो. कर्नेल्य या रोमन शताधिपतीचा स्वीकार आणि ज्यूएतरांवर सुंतेचा नियम लादू नये, हा जेरूसलेम येथील सभेचा निर्णय (सु. इ. स. ४९) हे आद्य ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील निर्णायक टप्पे होत.

या विचाराची सर्वांत ठसठशीत मांडणी पॉलच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रात आढळते. ख्रिस्ताने ज्यू व ज्यूएतर यांच्यामधील आडभिंत पाडून दोहोंचा एक नवा मानव निर्माण केला, असे त्यात प्रतिपादन आहे. जेरूसलेमच्या मंदिरात अशी भिंत प्रत्यक्षात होती. बाहेरच्या प्रांगणापर्यंत कोणालाही जाता येई. पण आतील कठडा ओलांडणाऱ्या परकीयाला देहान्त शिक्षा होईल, असा इशारा तेथे ग्रीक भाषेत कोरलेला होता. त्यांपैकी एक शिलालेख शार्ल क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकास १८७१ मध्ये सापडला. तो इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. पत्रातील रूपकामागे हाच कठडा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. देवळाच्या पायरीशी थांबविल्या गेलेल्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे रूपक वेगळे उलगडून सांगण्याची गरज नाही.

तात्त्विक वाद : समेट कसा घडला, याविषयी धर्मपंडितांत मतैक्य नाही. अँसेल्म (१०३३–११०९) याच्या मते पापाने ईश्वराच्या सन्मानाला पोहोचलेल्या बाधेची भरपाई ख्रिस्ताच्या मरणाने झाली. उलट पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) याने त्या मरणातून प्रकटलेले प्रेम मानवाचे हृदय पालटते, यावर भर दिला.

समेटाची व्याप्ती किती, हा दुसरा वाद. अखेरीस सर्वच सृष्टी ईश्वराकडे परतेल, या ऑरिजेनशी (सु. १८५–सु. २५४) निगडित मताचा ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे निषेध झाला. सिप्रियनच्या (मृत्यू २५८) लेखनातून ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, हे सूत्र रूढ झाले. कॅल्व्हिनच्या परंपरेने समेटाचे फळ ईश्वराने निवडलेल्यांपुरते मानले. तर आर्मिनिअसच्या (१५६०–१६०९) अनुयायांनी ख्रिस्त सर्वांसाठी मेला, मात्र लाभ श्रद्धेने स्वीकारणाऱ्यांना होतो, अशी भूमिका घेतली. विसाव्या शतकात कार्ल बार्थ (१८८६–१९६८) याने समेटाच्या सिद्धांतावर आपल्या बृहद्ग्रंथाचा चौथा खंड रचला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने (१९६२–६५) ऑक्टोबर १९६५ मधील घोषणेत, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा कॅथलिक चर्च अव्हेर करीत नाही, असे जाहीर केले.

महाराष्ट्र व गोवा : ही श्रद्धा मराठी भाषेत विस्ताराने प्रथम मांडली गेली ती फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या "ख्रिस्तपुराण" (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथात. परकीय धर्मोपदेशकाने लोकांच्या भाषेत आणि लोकांना परिचित अशा पुराणाच्या घाटात मानवाचे पतन व उद्धार यांची कथा सांगावी, हाच एका अर्थाने समेटाचा प्रयत्न होता. पण त्याच भूमीत १५६० पासून धर्मसमीक्षणसंस्था (इन्क्विझिशन) कार्यरत होती. मध्यंतरीचा अल्प खंड वगळता ती १८१२ पर्यंत चालली. समेटाची घोषणा आणि सक्ती यांचे हे साहचर्य ख्रिस्ती इतिहासातील जाचक विसंगती होय. धर्माच्या नावाने झालेल्या अशा अपराधांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोम येथे जाहीर क्षमायाचना केली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्थांमुळे या विचाराला मराठी गद्याचे व नियतकालिकांचे माध्यम लाभले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना इंग्लंडमध्ये, पतित समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची सेवा पाहताना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा भिडली, असे त्यांनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगावच्या मुक्ती सदनात निराश्रित स्त्रियांना दिलेला आसरा आणि बायबलचे मराठी भाषांतर ही त्याच प्रेरणेची फळे होत.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी प्रश्न आणखी पुढे नेला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाणीच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, ही त्यांची कल्पना होती. समेट जर सर्वांसाठी झाला असेल, तर त्याच्या दारावर पंथाचा पहारा का असावा, हा त्यातील मूळ प्रश्न. टिळकांच्या निधनानंतर दरबार टिकला नाही. प्रश्न मात्र मिटला नाही.

समेटाची खरी परीक्षा ख्रिस्ती समाजाच्या अंतर्गत व्यवहारात होते. धर्मांतरानंतरही विवाहसंबंधांत पूर्वीच्या जातींचे भान पुष्कळ ठिकाणी उरले. दलित ख्रिस्ती व्यक्तींची कोंडी दुहेरी आहे : समाजात अस्पृश्यतेचा वारसा सुटत नाही आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलतीही मिळत नाहीत. आडभिंत पडल्याचे ज्यांना उपदेशात सांगितले जाते, त्यांना ती रोजच्या जीवनात उभी दिसते. दुसऱ्या बाजूस, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट परंपरांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना केली, हे दुभंग सांधण्याचे ठोस पाऊल होते. पालघर जिल्ह्यातील वसईच्या कॅथलिक समाजात व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी उपासना रुजली आणि तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे "सुबोध बायबल" २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

नव्या कराराच्या अखेरच्या ग्रंथात, ‘प्रकटीकरणा’त, राष्ट्रांच्या आरोग्यासाठी उपयोगी पडणाऱ्या पानांच्या वृक्षाचे वर्णन आहे. राष्ट्रांचे वेगळेपण तेथे पुसले जात नाही, त्यांची जखम भरून येते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार समेटाचा आरंभ ईश्वराकडून झालेला आहे. माणसामाणसांतील व्यवहारात तो उतरविण्याचे काम पॉलने श्रद्धावंतांवर सोपविले असून ते अपुरे आहे.