शपथ अर्ध्या मिनिटाची, तयारी पडद्यामागची

दिंद्रुडच्या हॉटेलात एरवी टीव्हीकडे कुणी फारसं बघत नाही. शपथविधी असला की मात्र चहा गार होतो. 15 डिसेंबर 2024 ला नागपूरच्या राजभवनात 39 मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात पंकजा मुंडे आणि धनंजय मुंडे ही आपल्या बीड जिल्ह्यातली दोन नावं. अशा दिवशी बाकड्यावर शपथेइतकीच चर्चा रंगते ती नियमांची, आणि त्यातले निम्मे नियम ऐकीव असतात.

गैरसमज : शपथविधी म्हणजे जिंकलेल्या पक्षाचा सोहळा.
वस्तुस्थिती : झेंडे आणि घोषणा पक्षाच्या असतात, समारंभ सरकारी असतो. निमंत्रणं, बसण्याचा क्रम आणि पाहुण्यांचा मान हे राजशिष्टाचाराचं काम. मंचावर माइकपाशी फाइल घेऊन उभी असलेली व्यक्ती पुढारी नसते, ते राज्याचे मुख्य सचिव. समारंभ सुरू करायला ते राज्यपालांची परवानगी मागतात आणि एकेकाचं नाव पुकारतात. ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेत 2003 साली राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीचे भाग आले, त्यांतला जीव होता कर्मचाऱ्यांच्या धावपळीत. आपल्याकडे तशी मालिका निघाली तर 23 नोव्हेंबर 2019 ची पहाट तिला पुरेल. राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना पहाटे 5.47 ची, आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांची शपथ. राज्याने सकाळी उठून बातमी पाहिली, पण कागद तयार करणारे आधीच जागे होते.

गैरसमज : मुख्यमंत्र्यांना शपथ न्यायाधीश देतात.
वस्तुस्थिती : ही सरमिसळ आहे. राष्ट्रपतींना शपथ देतात भारताचे सरन्यायाधीश. 25 जुलै 2007 ला प्रतिभाताई पाटील यांना ती के. जी. बालकृष्णन यांनी दिली. राज्यपालांना उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देतात. मुख्यमंत्री आणि मंत्र्यांना मात्र राज्यपालच. मंत्र्याच्या शपथा दोन असतात, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. राष्ट्रपतींची एकच, आणि तिचे शब्द संविधानाच्या अनुच्छेद 60 मध्येच दिले आहेत.

गैरसमज : शपथ राजभवनातच व्हावी लागते.
वस्तुस्थिती : जागेचं बंधन नाही. 1995 मध्ये मनोहर जोशी आणि 2019 मध्ये उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. देवेंद्र फडणवीस यांनी 2014 मध्ये वानखेडे स्टेडियमवर आणि 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर घेतली. उद्धव ठाकरे तर शपथ घेताना कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. तशा माणसालाही मंत्री होता येतं, फक्त सहा महिन्यांत आमदार व्हावं लागतं.

गैरसमज : हात धर्मग्रंथावर ठेवावाच लागतो.
वस्तुस्थिती : हे सिनेमातल्या कोर्टाचं आणि अमेरिकी दृश्यांचं मिश्रण. आपल्याकडे दोन पर्याय आहेत : ‘ईश्वरसाक्ष’ शपथ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञा. दोन्हींचं वजन सारखंच. खुद्द अमेरिकेतही बायबल ही प्रथा आहे, अट नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1901 मध्ये त्याविनाच शपथ घेतली होती.

गैरसमज : मनातले चार शब्द घातले तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : राज्यपाल फक्त ‘मी’ म्हणतात, पुढचा मजकूर मंत्री समोरच्या कागदावरून वाचतो. तो शब्दशः वाचायचा असतो. 30 डिसेंबर 2019 ला के. सी. पाडवी यांनी पदरचा मजकूर जोडला, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. शब्द मागेपुढे झाल्यावर ओबामाही सुटले नाहीत. 20 जानेवारी 2009 ला सरन्यायाधीशांकडूनच एक शब्द जागा चुकला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये शपथ पुन्हा झाली.

गैरसमज : उपमुख्यमंत्रिपदाची शपथ वेगळी असते.
वस्तुस्थिती : संविधानात हे पदच नाही, उपपंतप्रधानपदही नाही. 2 डिसेंबर 1989 ला देवीलाल यांनी शपथेत ‘मंत्री’ऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हटलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने शपथ वैध धरली, कारण तो शब्द केवळ वर्णनाचा आणि कायद्याच्या दृष्टीने ते मंत्रीच.

गैरसमज : मुख्यमंत्र्यांना वाटेल तितके मंत्री करता येतात.
वस्तुस्थिती : 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली, विधानसभेच्या 15 टक्के. 288 आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून 43. नागपूरच्या त्या दिवशी, आधीच शपथ घेतलेले मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री धरून, आकडा 42 वर थांबला. एक जागा रिकामी ठेवली की इच्छुकांची आशा जिवंत राहते.

गैरसमज : शपथ झाली म्हणजे खातं मिळालं.
वस्तुस्थिती : शपथेत खात्याचं नाव नसतंच. खातेवाटप मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नंतर होतं. 15 डिसेंबरच्या मंत्र्यांची खाती 21 डिसेंबरला जाहीर झाली. तोवर ते बिनखात्याचे मंत्री.

त्यामुळे पुढच्या खेपेला टीव्हीवर सही होत असतानाच कुणी विचारलं, “अन् खातं कोन्तं भेटलं?”, तर सांगा, “आजून कागद निघायचाय, चहा घ्या.”