मुलांची भूक पाकिटाने पळवली

केळीच्या घडांनी भरलेले ट्रक बाहेरगावी निघाले आहेत आणि त्याच वेळी शाळेला निघालेले मूल कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्सचे पाकीट घेत आहे, हे दृश्य आपल्या लालबागला नवे नाही. केळीसाठी सर्वदूर प्रसिद्ध असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मुलांच्या डब्यात केळे क्वचितच आढळावे, हा विरोधाभास बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आला आहे.

"डॉक्टरसाहेब, हा काही जेवतच नाही. भूक लागण्याचे टॉनिक लिहून द्या," ही तक्रार मी जवळजवळ रोज ऐकतो. मग दिवसभराच्या खाण्याची चौकशी करतो. सकाळी चहाबरोबर बिस्किटे, मधल्या सुट्टीत चिप्स, दुपारी कसेबसे दोन घास आणि संध्याकाळी नूडल्स! या मुलाची भूक मेलेली नसते. जेवणाची वेळ होण्यापूर्वीच ती पाकिटाने भागवलेली असते.

अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणजे काय?

प्रक्रिया केलेले सर्वच अन्न वाईट नव्हे. दळणे, आंबवणे, वाळवणे या प्रक्रियाच आहेत. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे प्रा. कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे वर्गीकरण प्रक्रियेच्या स्वरूपावरून करण्याची कल्पना मांडली. तीच पुढे 'नोव्हा' या नावाने रूढ झाली. तिच्या चौथ्या गटात अतिप्रक्रियायुक्त पदार्थ येतात. धान्यातून वेगळे काढलेले स्टार्च, तेल, साखर व प्रथिने कारखान्यात एकत्र करून त्यांत रंग, कृत्रिम स्वाद व पायसीकारके मिसळली जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे: वेष्टनावरील घटकांच्या यादीत आपल्या स्वयंपाकघरात कधीच न आढळणारी नावे व क्रमांक दिसले, की तो पदार्थ बहुधा या गटातला समजावा.

आपली मावा जिलेबी या गटात मोडत नाही. म्हणून ती पौष्टिक ठरते असेही नाही. परंतु जिलेबी पाहुण्यांबरोबर आणि सणावारी येते. पाकीट मात्र दररोज येते.

शास्त्रीय पुरावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व दोन आठवडे साधा आहार दिला. समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, चरबी, तंतू व मीठ सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहार घेताना ही माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. प्रयोग लहान व प्रौढांवरचा होता, हे खरे. पण जिथे प्रौढांचा संयम टिकला नाही, तिथे आठ वर्षांच्या मुलाकडून तो कसा अपेक्षावा?

एका कारणाची दोन रूपे

स्थूल मूल पाहिले की आपण पाकिटाला दोष देतो. कृश मुलाच्या बाबतीत मात्र "निदान काहीतरी खातो" असे म्हणून सोडून देतो. येथेच आपली चूक होते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २८ टक्के मुलामुलींत रक्तक्षय, तर सुमारे १० टक्क्यांत मधुमेहपूर्व अवस्था आढळली. ५ ते ९ वयोगटात सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. यांची कारणे अनेक आहेत. परंतु डाळ, भाजी, फळ यांची जागा पाकिटाने घेतली, की एका मुलाला लोह व प्रथिने कमी पडतात आणि दुसऱ्याची चरबी वाढते. दोघांचेही पोट भरते, पोषण मात्र कोणाचेच होत नाही.

उपाय आपल्या हाती

यंत्रमागावर पाळी करणाऱ्या आईबापांना उपदेश करून भागणार नाही. पाकीट त्यांचा वेळ वाचवते. तेव्हा तितक्याच सोयीचे पर्याय सुचवावेत: केळे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले अंडे, सकाळच्या कळण्याच्या भाकरीचा गुंडाळा. (चार वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे व फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.) दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको. कोलाच्या ३०० मि.ली. बाटलीत सुमारे आठ चमचे साखर असते, हे मुलांना प्रत्यक्ष मोजून दाखवावे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिचरबी, अतिमीठ व अतिसाखरेच्या पदार्थांची विक्री करता येत नाही. पालक-शिक्षक सभेत हा विषय आवर्जून काढावा.

शेवटी व्यवसायबंधूंना एक विनंती. माझ्या टेबलावर कित्येक वर्षे रंगीत गोळ्यांची बरणी होती. इंजेक्शन घेताना न रडणाऱ्या बाळाला मी स्वतःच्या हाताने बक्षीस देत असे आणि त्याच हाताने आईला आहाराची चिठ्ठी लिहीत असे. ही विसंगती लक्षात यायला मला फार उशीर झाला. आता तेथे केळ्यांची फणी असते. मुले पहिल्यांदा तोंड वाकडे करतात. पण पुढच्या खेपेला स्वतःहून हात पुढे करतात. आपल्या मंडळाच्या पुढील स्नेहसंमेलनात मुलांच्या खाऊपासूनच हा बदल सुरू करावा, असे मी मनःपूर्वक सुचवितो.