विडी कामगार स्त्रियांचा प्रवास आणि सोलापूरची वाहतूक-योजना

शहराच्या वाहतुकीचा विचार बहुधा रस्त्यावरील वाहनांच्या मोजणीपासून सुरू होतो. ज्यांच्यापाशी वाहन नाही व ज्यांना ते चालविता येत नाही, त्यांची गरज या मोजणीत उतरत नाही. सोलापूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे, मुख्यतः पद्मशाली, शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. घरात माग, शेजारी कारखाना, हाकेच्या अंतरावर बाजार, अशी तेथील रचना होती. पुढे पुष्कळ स्त्रिया विड्या वळू लागल्या. तथापि कामाचे अंतर पायी तोडण्याइतकेच राहिल्यामुळे वाहनाचा प्रश्न उद्भवला नाही.

तो उद्भवला घरांमुळे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीनजीक विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे २००६ मध्ये त्यांच्या स्वाधीन झाली. त्याच परिसरातील रे नगर ही योजना ३०,००० घरांची असून त्यांपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. भाड्याच्या खोलीतून हक्काच्या घरात जाणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पायी हिंडण्याजोगे शहर मात्र मागे राहिले.

विडी वळणे हे 'घरबसल्या काम' मानले जाते. ही समजूत फसवी आहे. तेंदूची पाने व तंबाखू कारखान्याच्या शाखेतून आणावयाची, आणि वळलेल्या विड्या तेथेच मोजून द्यावयाच्या. शाखा वसाहतीतच असेल तर ठीक. नसेल तर शहर गाठणे भाग. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने बसथांब्यावर गेलेला तास थेट मजुरीतून वजा होतो. शिवाय ही फेरी कचेऱ्यांच्या वेळेस होईलच असे नाही.

२०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर व साधन विचारले, ते शेती व घरगुती उद्योग वगळून उरलेल्या 'इतर कामगारां'ना. घरी विड्या वळणारी स्त्री घरगुती उद्योगात गणली गेली की तिचा प्रवास कागदावरून नाहीसा होतो! म्हणून बसफेऱ्यांच्या वेळा ठरविण्यापूर्वी मोजणी चौकात न करता शाखांच्या दाराशी करावी, हे उचित.

भाषेचाही प्रश्न आहे. बसच्या पाटीवर मराठीखाली तेलुगू अक्षरे लिहिणे अल्प खर्चाचे आहे. परंतु ज्या वृद्ध स्त्रियांना कोणतीच लिपी वाचता येत नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही. मेक्सिको शहरातील भुयारी रेल्वेने १९६९ मध्ये आरंभीच प्रत्येक स्थानकास नावाबरोबर एक चित्रही दिले होते.