तरंगता धक्का, तोही काँक्रीटचा!

वारंगा फाट्याला मरिना, म्हणजे बोटी लावायची जागा, कुठली, म्हणाल! पण पैनगंगेवरचं इसापूर धरण जवळच आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पक्का घाट कोरडा पडतो. तरंगता धक्का मात्र पाण्याबरोबर खाली-वर होतो. पणजीत मांडवीवर २०२० मध्ये असे धक्के आले.

आत थर्माकोलचा गाभा, भोवती काँक्रीटचं कवच. खरी मेख सिमेंटात आहे. सिमेंट ज्यापासून दळतात ते क्लिंकर एक टन भाजताना साधारण ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, निम्म्याहून जास्त खुद्द चुनखडीतूनच. म्हणून लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, दळून मिसळतात. भारतीय मानकानुसार स्लॅग सिमेंटात ती ७० टक्क्यांपर्यंत चालते. शिवाय खाडीतलं खारं पाणी अशा काँक्रीटातून सळईपर्यंत सहज पोचत नाही, त्यामुळे धक्का टिकतो. फक्त हे काँक्रीट सावकाश जोर धरतं. त्यावर पसरलेलं गोणपाट ओलं ठेवायचा कंटाळा केला, की केसाएवढ्या भेगा पडल्याच म्हणून समजा!